पलंगाखालची अर्धी पोळी

मित्रांनो, दुपारी घर सामसूम झालं की पलंगाखाली वाकून बघायची तुम्हाला भीती वाटते का? वाटत असेल तर लाजू नका. मी तिथेच राहतो, आणि एके काळी मलाही वाटायची.

मी वजनकाटा. हल्ली घराघरांत काचेचे, आकडे लुकलुकवणारे काटे असतात, त्यातला मी नाही. माझं अंग लोखंडी आणि जड. पाठीवर काळं खरखरीत रबर, पुढे गोल तबकडी आणि तिच्यात एक लाल काटा. माझ्यावर कुणी उभं राहिलं की काटा सरकतो, उतरलं की शून्यावर परत येतो. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये माझी जुळणी झाली. तिथल्या कारागिराने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, पाठीवर वीस किलोचं वजन ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. असं कितीतरी वेळा केल्यावर तो म्हणाला, "हां, आता विसरायला शिकला." जो उतरला त्याला विसरायचं, पुढच्याला मागच्याचं ओझं लावायचं नाही. माझं सगळं शिक्षण एवढंच.

माझी पहिली वर्षं माजिवड्याच्या एका दवाखान्यात गेली. तिथले कंपाउंडर विश्राम रोज सकाळी मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. "चपला काढा. सरळ उभे राहा. खाली बघू नका, आकडा मी सांगतो," असं ते प्रत्येकाला म्हणायचे. मित्रांनो, गंमत म्हणजे तिथे काटा पुढे गेला की लोक हसायचे. टायफॉइडमधून उठलेली माणसं, सातव्या महिन्यातल्या बायका, लंगोटातली बाळं. एका पोराचं वजन अडीच किलोने वाढलं तेव्हा त्याच्या आईने पेढे आणले आणि एक पेढा माझ्या तबकडीवर ठेवला. विश्रामभाऊंनी तो हसत उचलून तोंडात टाकला. "अहो, हा खात नाही," म्हणाले.

पुढे डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. विश्रामभाऊंनी माझी मागणी केली आणि मला मांडीवर घेऊन ते रिक्षाने डोंबिवलीला, मानपाड्याच्या आपल्या घरी आले. तिथे मी तांदळाची पोती मोजली, रद्दी मोजली आणि मग त्यांच्या नातीला, सान्वीला मोजलं. ती उभी राहण्याइतकी मोठी नव्हती. आजोबा तिला कडेवर घेऊन माझ्यावर चढायचे, मग तिला आजीकडे देऊन एकटे चढायचे आणि वजाबाकी करायचे. सान्वी दोन वर्षांची असताना आजोबा गेले. तेराव्यानंतर त्यांच्या बायकोने, सरोजने, मला पदराने पुसलं आणि पलंगाखाली सारून दिलं.

तिथे तीन वर्षं. धूळ, एक हरवलेलं कानातलं, भिंतीतून येणारा पाण्याच्या पाइपाचा आवाज. अंधारात शून्यावर राहणं वाटतं तितकं सोपं नसतं. पाठीवर कुणी नाही हे माहीत असतं, तरी कधी कधी तळवे टेकल्यासारखं वाटतं. दमलेल्या माणसाचे, ऊन ऊन तळवे. मी काटा हलू द्यायचो नाही.

गेल्या वर्षी एक हात पलंगाखाली आला आणि मला बाहेर ओढून घेऊन गेला. तो सान्वीच्या आईचा, दक्षताचा हात होता. तिच्या रक्ताच्या तपासणीत साखर काठावर आली होती. तिच्या स्वतःच्या आईच्या पायाचा अंगठा साखरेपायी काढावा लागला होता, त्यामुळे ती जी घाबरली ती घाबरलीच. माझ्यावर उभी राहिली, आकडा बघितला आणि बराच वेळ खाली उतरली नाही.

मग सुरू झालं डाएट. आधी सात दिवस नुसता ज्यूस. पाचव्या दिवशी बादली उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मग भात-पोळी बंद आणि पनीर, अंडी, बटर घातलेली कॉफी.

"बाळंतिणीलासुद्धा मी एवढं लोणी घातलं नव्हतं," सरोज म्हणाली.

"आई, हे वेगळं असतं. याने फॅट जळतं."

"जळतंय ते माझं पातेलं. कॉफी उतू गेली बघ."

त्यानंतर डब्यातल्या पावडरीचा शेक. त्यानंतर सोळा तास उपाशी. दक्षताचा नवरा सुदेश एमआयडीसीतून शिफ्ट करून यायचा आणि ओट्यावरची भांडी बघून म्हणायचा, "अरे काय हे, माणसं चार आणि स्वयंपाक पाच!" दर वेळी तीन-चार किलो उतरायचे आणि महिन्याभरात परत यायचे. येताना एखादा जास्तीचा सोबत आणायचे.

तिसऱ्या मजल्यावरच्या रुचिताने बिल्डिंगमधल्या बायकांचा एक ग्रुप काढला होता. दर सोमवारी सकाळी प्रत्येकीने आपल्या पावलांचा आणि वजनाच्या आकड्याचा फोटो टाकायचा. ज्यांचं वजन उतरलं त्यांना टाळ्या. दक्षता फोनवर नजर ठेवून एका हाताने मला पलंगाखालून ओढायची आणि फोटो झाला की पायाने परत आत सारायची. दवाखान्यात काटा पुढे गेला की हसणारी माणसं बघितलेला मी, मला हे उलटं जग कळायला वेळ लागला.

अशाच एका सोमवारी सान्वी शेजारी उभी होती. आता ती साडेपाच वर्षांची.

"आई, तुझं वजन कमी झालं म्हणजे कुठे गेलं?"

दक्षता फोटो काढण्यात गुंग होती. म्हणाली, "या काट्याने खाल्लं."

"अजून खाणार?"

"खाऊ दे की! सगळं खायला हवं त्याने."

मित्रांनो, मोठी माणसं अशी वाक्यं बोलतात आणि विसरून जातात. सान्वी विसरली नाही. ती माझ्याकडे बघत मागे मागे सरकत गेली आणि दाराशी पोचल्यावरच वळली.

त्यानंतरच्या दिवसांत तिने काय काय बघितलं असेल? आईचे गाल आत गेले. फणीत केसांचे पुंजके यायला लागले. आई जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबायची. दुपारी शाळेतून आल्यावर गोष्ट सांगणारी आई आता जमिनीवरच आडवी होऊन झोपायची आणि हाक मारली तर उगाचच ओरडायची. आणि दर सोमवारी तीच आई आपणहून माझ्यावर जाऊन उभी राहायची.

एका दुपारी पंखा घरघरत होता. बाहेरच्या खोलीत सरोज आवाज बारीक करून मालिका बघत होती. दक्षता झोपली होती. पलंगाच्या कडेवरून एक तोंड उलटं खाली आलं. दोन लहान वेण्या जमिनीला टेकल्या.

"तू जागा आहेस?" सान्वीने कुजबुजत विचारलं.

मी काय बोलणार? तिने हात लांब केला आणि माझ्यापुढे अर्धी पोळी ठेवली. तिच्या डब्यातली होती, साखर-तुपाची.

"हे घे. आईला खाऊ नकोस."



दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी पोळी. तिसऱ्या दिवशी दहीभाताची मूद, छोट्या मुठीत दाबून केलेली, बोटांचे वळ उमटलेली. मग केळं. मग एक बिस्किट, ज्याचा कोपरा दातांनी तोडलेला होता. तेवढा मोह तिला आवरला नसणार. आदल्या दिवशीच्या पोळीला ती हात लावून बघायची. पोळी तशीच असायची. फक्त मुंग्या लागलेल्या असायच्या, माझ्या तबकडीच्या कडेने एकीमागे एक. मला ओरडून सांगायचं होतं, अगं मी खात नाही, मला तोंडच नाही. पण मला आकडा दाखवता येतो, बोलता येत नाही.

नवव्या की दहाव्या दुपारी तिने मला दोन्ही हातांनी ओढून अर्धं बाहेर काढलं. "पोळी नाही आवडत ना तुला?" ती म्हणाली. "मग माझं खा. मी हलणार नाही."

आणि ती माझ्यावर उभी राहिली. गार पावलं. डोळे मिटलेले, हात दोन्ही बाजूंना ताठ. दवाखान्यात इंजेक्शनसाठी मुलं उभी राहायची तशी.

काटा सोळावर गेला. ती उतरली. मला शिकवल्याप्रमाणे मी शून्यावर आलो. असं रोज होऊ लागलं. सोळा, मग सोळाला जरा कमी, मग पंधरा. मला ते रोज कळत होतं आणि ती उतरली की मी ते रोज विसरत होतो.

पहिल्यांदा सरोजने बघितलं. तिची बीपीची गोळी हातातून निसटून पलंगाखाली गेली. गुडघे दुखतात म्हणून ती एरवी खाली वाकत नसे. त्या दिवशी वाकली, मोबाइलचा उजेड पाडला आणि तशीच राहिली. माझ्यासमोर वाळलेल्या अर्ध्या पोळ्या एका ओळीत मांडलेल्या. बाजूला भाताची मूद. मुंग्या. तिचं माहेर राजापूरकडचं. तिन्हीसांजेला तिठ्यावर ठेवलेला भात बघून पदर तोंडाला लावायचा आणि मागे न बघता चालायचं, हे ती सान्वीएवढी असल्यापासून शिकलेली. ती उठली. गोळीसुद्धा उचलली नाही.

संध्याकाळी तिने सुदेशला गाठलं. "घरात उतारा ठेवलाय कुणीतरी."

"आई, उंदराने आणलं असेल गं."

"उंदीर अर्धी अर्धी पोळी करून ओळीत मांडतो होय रे?"

सुदेशला हसू आलं, पण पूर्ण आलं नाही. सरोजने पलंगाची चादर जमिनीपर्यंत खाली ओढली. उतारा ओलांडायचा नाही, हात लावायचा नाही, काढायला कुणा जाणत्याला बोलवायचं, असं तिने सगळ्यांना बजावलं. "आणि सान्वीने तर त्या बाजूला फिरकायचं नाही. पोरगी आधीच सुकत चाललीय."

सुकत चालली होतीच. डबा माझ्यापुढे रिकामा व्हायचा आणि ताटावरूनही ती दोन घासांत उठायची. आजीने मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या उतरून तव्यावर टाकल्या. ठसका आला नाही. "बघितलंस? केवढी दृष्ट लागलीय," ती दक्षताला म्हणाली. दक्षताने मान हलवली. तिचा उपासाचा चौदावा तास चालू होता, तिला फारसं काही ऐकू येत नव्हतं. सान्वी गप्प. कुणाला सांगावं तर काटा ऐकेल, याची तिला भीती होती.

मित्रांनो, खरी गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि आता माझ्यापुढे चादरीचा पडदा होता.

तरी ती आली. भर दुपारी चादर हलली, लहान हाताने मला ओढलं. दोनदा दम खाल्ला तेव्हा मी अर्धा बाहेर आलो. ती उभी राहिली. चौदा. उतरताना तिने भिंतीला हात टेकला. मला परत आत ढकलायला लागली, पण ढकलणं तिला जमेना. तसाच सोडून ती गेली.

आणि मी शून्यावर गेलो नाही.

हे करणं सोपं नव्हतं. पोटातली स्प्रिंग करकरत होती. सगळं लोखंड मला मागे ओढत होतं, विसर, विसर म्हणत होतं. मी काटा चौदावर धरून ठेवला.

दक्षता झोपेतून उठली, तोंड धुवायला निघाली आणि तिचा पाय माझ्यापाशी थबकला. ती खाली बसली. तबकडीवर टिचकी मारली. मी हललो नाही.

"आई!" तिने हाक मारली. "जरा इकडे या."

सरोज दाराशी आली आणि तिथूनच ओरडली, "हात लावू नकोस! बाहेर कुणी काढला?"

"मी नाही. आई, काटा बघा. वर कुणी नाही आणि चौदा दाखवतोय."

पंखा फिरत होता. रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी लांबत लांबत गेली. दोघी माझ्या रिकाम्या पाठीकडे बघत होत्या.

"कुणीतरी उभं आहे त्याच्यावर," सरोज हळूच म्हणाली. "तुझे सासरे नव्हेत. ते सत्तर भरायचे. हे लहान आहे काहीतरी."

"आपल्याकडे चौदा किलोचं कोण आहे?"

"कुणी नाही. आपली सान्वीच साडेसोळाची. जूनमध्ये शाळेच्या कार्डावर लिहून दिलंय."

दक्षताने मान वर केली. सान्वी आजीच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. फ्रॉकचा गळा एका खांद्यावरून घसरला होता. रोज बघितलेलं पोर, पण आज पहिल्यांदाच तिने तिला नीट बघितलं. ती उठली आणि सान्वीला उचलून घेतलं. उचलताना तिचे हात अपेक्षेपेक्षा झटकन वर आले, भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी तसे.

"नको गं, तिला त्याच्यावर नको ठेवूस!" सरोज म्हणाली.

दक्षताने तिला माझ्यावर उभं केलं.

काटा हलला नाही.

चौदावर होता, चौदावरच राहिला. मग सान्वीने आईच्या ओढणीचं टोक धरलं आणि अगदी बारीक आवाजात, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "आई, तू उतरवू नको मला. त्याचं पोट भरू दे. भरलं की मग तो तुला नाही खाणार."

दक्षता खाली वाकली. तिने सान्वीला छातीशी घेतलं तेव्हा मी काटा सोडला. तो धडधडत शून्यावर गेला.

त्यानंतर दक्षता पोटावर सरपटत पलंगाखाली आली. सरोजने अडवलं नाही. अर्ध्या पोळ्या, भात, काळं पडलेलं केळं, सगळं तिने हातांनी गोळा केलं. किती होतं ते! सरोज सुपलीत घेत होती आणि रडत होती. "मी बघितलं होतं गं," ती म्हणत होती. "मी बघितलं आणि चादर ओढली."

मुलांच्या डॉक्टरांनी सान्वीला तपासलं, रक्त बघितलं, आणि वेळेत आणलीत म्हणाले. मग त्यांनी दक्षताकडे मोर्चा वळवला. ती काय काय करत होती ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्ही दहा वर्षांनीपण करत असाल का?"

"नाही हो, कसं शक्य आहे?"

"मग आजपण करू नका. साखरेची भीती खरी आहे, तिच्यासाठी जेवण बदलाच. पण असं बदला की ते ताट हिच्यापुढेपण ठेवता येईल."

त्या संध्याकाळपासून घरात एकच स्वयंपाक होतो. एक भाकरी, वाटीभर भात, उसळ किंवा बांगड्याचं तिखलं, काकडीची कोशिंबीर. शेकच्या डब्यात आता सरोज हरभरे ठेवते. रुचिताने विचारलं, "अगं, मंडेचा फोटो नाही टाकलास?" दक्षता म्हणाली, "मी आता महिन्यातून एकदाच चढते. आणि फोटो नाही काढत." रोज संध्याकाळी मायलेकी मानपाडा रोडच्या टोकापर्यंत चालत जाऊन येतात.

सान्वीची समजूत काढणं मात्र सोपं गेलं नाही. सुदेशने स्क्रूड्रायव्हरने माझा तळ उघडून तिला दाखवला. स्प्रिंग, दोन पट्ट्या, एक दातेरी चाक. ती बराच वेळ वाकून बघत होती. "याला काही लागतच नाही?" तिने विचारलं. बाबा नाही म्हणाले. तिने मान डोलावली, पण माझ्याकडे पाठ करून ती अजूनही बसत नाही.

आणि जेवताना ती घास हातात धरून थांबते. आईने घास घेतला की ती घेते. आई थांबली की ती थांबते. दक्षताने कंटाळून ताट सारलं तर तिचंही ताट सरकतं. दक्षताने तिसऱ्यांदा भात वाढून घेतला तर तीही ताट पुढे करते. त्यामुळे दक्षताला कमी जेवता येत नाही आणि जास्तही नाही. आठ महिने झाले. दक्षताचे चार किलो उतरले आणि परत आलेले नाहीत. साखर काठावरून जरा मागे सरकली आहे. सान्वी सव्वासतरा भरली, त्या दिवशी सरोजने शिरा केला होता आणि तोही सगळ्यांनी एकेक वाटीच खाल्ला.

मित्रांनो, मी फक्त वजन सांगतो. आईचं दमणं, लेकराची भीती, यातलं काही माझ्या तबकडीवर येत नाही. तुमच्या घरी कुणी ताटावरून लवकर उठत असेल, तर त्याच्यासाठी अंधारात काही लपवून ठेवू नका. त्याला मोठ्याने हाक मारा. आणि कसली भीती वाटली तर ती माझ्यासारख्या मुक्या वस्तूला सांगू नका, घरातल्या माणसांना सांगा.

मी पलंगाखालीच असतो. दुपारी बाहेरच्या खोलीतून जेवणाचे आवाज येतात, ते मी ऐकतो. दक्षताच्या बांगड्या वाजतात, मग सान्वीची छोटी वाटी. बांगड्या, मग वाटी. काल मध्येच सगळं थांबलं. बांगड्या वाजेनात. वाटी वाजेना. घर इतकं शांत झालं की पाइपातलं पाणी ऐकू आलं.

मग सान्वीचा आवाज आला.

"आई, तुझा घास राहिला."

आणि बांगड्या वाजल्या.